फिरून सांग

कूलर दारात अडकला होता. धर्मेंद्र आतून ढकलत होता, टेम्पोवाला बाहेरून ओढत होता आणि पत्र्याचा कोपरा चौकटीवर करकरत होता. भूपेशने हातातली संत्र्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि कोणी न सांगता वाकून खालची कड उचलली. कूलर जरा तिरपा झाला, सुटला आणि तिघांच्या हातांवरून टेम्पोत जाऊन बसला.

"भूपेश! आजच आला काय गा तू?" धर्मेंद्रने दुपट्ट्याने मान पुसली. "बसाले खुर्ची बी नाही उरली घरात."

"बसाले नाही आलो, भाऊ. कळमन्यात भेटले तवा तुम्हीच म्हणले ना, रविवारी निघून राहिलो म्हणून. घरी जाऊन हिले सांगतलं, तर हे एका पायावर तयार. काकाजीले भेटल्याबिगर राहणार नाही म्हणे."

मागे स्कूटर उभी करून एक बाई हेल्मेट काढत होती. भूपेशची धाकटी बहीण, पुष्पलता. धर्मेंद्रला ओळखायला थोडा वेळ लागला. मग त्याने हात जोडले आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात विचारलं, "बरी आहेस ना वं, पुष्पा?"

पुष्पलताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आवाज वाढवून उपयोग नव्हता, पण त्याचे ओठ तिने वाचले आणि मान हलवून हसली.

"भेटा तुम्ही," धर्मेंद्र म्हणाला, आणि भूपेशला थोडं बाजूला घेऊन त्याने आवाज खाली आणला. "पण बाबा आता पहिल्यासारखे नाही राहिले. कान तर कधीचेच गेले. मशीन आणून देल्ली कानाची, ते शिट्ट्याच मारे. काढून फेकली त्याइनं. आता डोक्याचंबी तसंच दिसते. बोलणंच सोडलं. काहीबी सांगा, मान हलवते. घराले आग लागली म्हणलं, तरी मान हलवतीन. ओळख नाही देल्ली तर वाईट नोको मानू."

भूपेशने वळून बहिणीला ते हातांनी सांगितलं. 'ओळखणार नाहीत' असं सांगताना त्याची बोटं क्षणभर थबकली. पुष्पलताने ते पाहिलं, पायरीवरची पिशवी उचलली आणि त्याच्या आधी आत गेली.

पुढची खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मधोमध एका लाकडी खाटेवर धर्मेंद्रचे वडील देवाजी बसले होते. स्वच्छ धोतर, बंडी, गळ्याशी गुंडी लावलेली. दाराकडे त्यांची पाठ होती. कोपऱ्यात खोक्यांच्या आड माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट उभं होतं. त्याच्या एका अंगावर उडालेल्या रंगात पिवळ्या ज्वाळा अजून दिसत होत्या.

पुष्पलता आधी त्या कपाटाशीच गेली. तिने त्याच्या बाजूवर तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली.

"ते इथंच राहणार हाय," आतून चहाचे कप घेऊन आलेली प्रणाली म्हणाली. प्रणाली धर्मेंद्रची बायको. "जुनी गेमची मशीन हाय म्हणते ते. मी लग्न होऊन आली तवा तिच्यातला टीव्ही निघालाच होता. म्या फळ्या ठोकून मसाल्याचे डबे ठेवले. जड लय हाय, नाही नेत."

भूपेशने मान डोलावली. ती मशीन त्याला प्रणालीपेक्षा आधीपासून माहीत होती.

ही खोली मुळात मागांची. देवाजींच्या वडिलांच्या वेळेपासून इथे लुगडी विणली जात. पुढे सूत मिळेना, विणलेला माल उठेना, तेव्हा देवाजींनी माग उकलले, जमिनीतले खड्डे मुरूम टाकून बुजवले, वर फरशी घातली आणि सीताबर्डीहून व्हिडिओ गेमच्या जुन्या मशिनी आणून भिंतीला लावल्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नंदनवन मोहल्ल्यातली झाडून सारी पोरं त्या खोलीत लोटली. एका मशिनीत विमानं एकमेकांवर गोळ्या झाडत, एकीत फुटबॉल चाले, आणि कोपऱ्यातल्या या ज्वाळावाल्या मशिनीत दोन पहिलवान मरेस्तोवर मारामारी करत. पोरांनी पहिलवानांना आपलीच नावं दिली होती: टकल्या, लंबू, लाल रिबनवाली. स्टिक ओढताना दात-ओठ खाल्ले जात, बटणं बडवली जात, कोणाची लाइफ गेली की सगळी खोली ओरडे. मोहल्ल्यातले मोठे लोक देवाजींना दारावरून ऐकवून जात. "चांगलं विणत होता, आता पोरं बिघडवून राहिला." धर्मेंद्रला तर त्या दुकानाची लाजच वाटे. तो तेव्हा उमरेडला मामाकडे राहून आयटीआय करत होता आणि सुटीतही क्वचितच यायचा.

भूपेश आणि पुष्पलताची आई कळमन्याच्या बाजारात धान्य निवडायला जायची. दुपारभर बहिणीला सांभाळणं भूपेशकडे, आणि भूपेशला तर गेम खेळायचा असे. म्हणून तो तिला मनगट धरून ओढत तिथे घेऊन जाई आणि ज्वाळावाल्या मशिनीशेजारी उभी करी. ती मशिनीच्या अंगावर तळवा टेकवून उभी राही. लाकडातून आतला धडधडाट तिच्या हातात येई. त्यापलीकडे तिच्यापर्यंत काहीच पोचत नसे. तिच्या शाळेत खुणा करू नयेत म्हणून मुलांना हात मांडीखाली दाबून बसवत आणि ओठ बघून बोलायला लावत. घरात तिला काही हवं झालं तर ती ओढायची, रडायची, फेकायची. आई म्हणे, पोरगी जिद्दी आहे.

एक दिवस देवाजी आपल्या स्टुलावरून उठून आले. त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला, बोटं स्वतःकडे वळवली, मग मशिनीकडे केली. जवळ ये. बघ. इतकंच. पण ते तिच्याशी हातांनी बोलले होते, आणि तिला कळलं होतं. तिने भावाकडे असं पाहिलं की भूपेशच्या हातून स्टिक सुटली.

देवाजींकडे खुणा आधीपासून होत्या. चार माग एकदम चालू असले की त्या खोलीत शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. धागा तुटला, थांब, पाणी दे, मालक आला: हे सगळं विणकर एकमेकांना हातांनीच सांगत. सुताची कांडी उलटी फिरवायची असली की कानाजवळ तर्जनी मागे फिरवायची. त्याच खुणेचा अर्थ हळूहळू 'फिरून सांग' असाही झाला होता. माग गेले, पण खुणा देवाजींच्या हातांत राहिल्या होत्या. त्या त्यांनी या मुलीला दिल्या. पोरांनी त्यात आपल्या घातल्या. मूठ मिटली की लाइट गेली. कान पिळला की चीटिंग करू नको. पाच बोटं एकत्र धरून कळीसारखी उघडली की पुष्पलता.

आणि पुष्पलता खेळू लागली. ती पडद्याइतकीच समोरच्याच्या खांद्यांकडे पाहायची. तो काय करणार ते तिला त्याच्या कोपरावरून कळे. लाल रिबनवाली घेऊन तिने आधी नंदनवन हरवलं, मग सक्करदऱ्याची पोरं. एकदा इतवारीहून एक धिप्पाड पोरगा मित्रांना घेऊन आला. "मुकीसंग खेळू काय मी?" म्हणून हसला. खोलीतलं कोणी हसलं नाही. तो पहिला राउंड हरला, दुसरा हरला, मशिनीला लाथ मारून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि देवाजींच्या स्टुलापाशी जाऊन खाली मान घालून म्हणाला,

"काकाजी, 'एक अजून' कसं म्हणाचं हिले?"

देवाजींनी तर्जनी कानाजवळ मागे फिरवून दाखवली. त्या पोराने पुष्पलतासमोर उभं राहून तसंच केलं. त्या दिवसानंतर तिला त्या खोलीत कोणी मुकी म्हटलं नाही.

पुढे खुणा घरी आल्या. आधी भूपेश शिकला, मग आई. पोरगी जिद्दी नव्हती, तिला सांगायचं होतं, हे आईला तेव्हा उमगलं. नंतरच्या वर्षांत पुष्पलताला तिच्यासारखी माणसं भेटली, त्यांची मोठी, भरघोस भाषा भेटली, त्यांच्यातलाच नवरा मिळाला. आता ती एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. अर्ध्या नागपुरातल्या पुढाऱ्यांचे वाढदिवस तिच्या हातून गेले होते. पण सुरुवात या खोलीत झाली होती, आणि तिने ते कधी कोणाला म्हणून दाखवलं नव्हतं. देवाजी गाव सोडतात म्हटल्यावर काल तिने भूपेशला सांगितलं, 'मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. त्यांना कळो न कळो.'

"मामाजीचं काय सांगू तुम्हाले," प्रणाली भूपेशला म्हणत होती. सासऱ्यांपुढे ठेवलेला चहा तिने त्यांच्या हाताला लागेल असा सरकवला. "म्या खोके भरले ना, त्याच्यातून एक ताट काढून घेतलं त्याइनं. मंग एक गिलास. मंग भात टाकाचा एक गंज. सारं आपल्या खाटीखाली ठेवून राहिले. म्या परत भरून ठेवलं, त्याइनं परत काढलं. आणि हात पाहा त्याइचे. दिवसभर असाच हलवत राहते. डॉक्टर म्हणे, नसाइचं असू शकते."

पुष्पलता देवाजींच्या समोर जाऊन फरशीवर बसली. त्यांनी खाली पाहिलं. नजर तिच्या चेहऱ्यावर राहिली, पण त्यात काही उमटलं नाही. तिने पाच बोटं एकत्र धरली आणि हळूच उघडली.

देवाजी पाहत राहिले. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, कानापर्यंत गेला, आणि तर्जनी थरथरत मागे फिरली.

"हेच," प्रणाली हळू म्हणाली. "हेच करते. जेवाले बसवलं का हेच, बोलाले गेलं का हेच."

भूपेशने हातातला कप फरशीवर ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते 'फिरून सांग' म्हणून राहिले."

"कोण?"

"काकाजी. ते खूण हाय. फिरून सांग, म्हणजे परत सांग. मले समजलं नाही."

प्रणालीने डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. मग आपल्याच हाताकडे पाहिलं, आणि त्या हाताने तोंड झाकलं.

पुष्पलताने परत कळी उघडली. देवाजींची तर्जनी अर्ध्यातच थांबली. ते पुढे वाकले. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, डावीकडे, उजवीकडे, जसं दुकानातलं सूत पारखतात तसं. मग त्यांच्या दोन्ही हातांना एकदम जाग आली. बोटं आखडलेली होती, खुणा जुन्या आणि तुटक होत्या, पण त्या येतच राहिल्या, एकीवर एक. पुष्पलता मधेच हसली, मधेच तिने त्यांचा हात धरून थांबवलं, तर्जनी कानाजवळ फिरवली, आणि ते परत सुरू झाले.

"काय म्हणून राहिले?" प्रणालीने विचारलं.

"इचारून राहिले, लग्न झालं काय, लेकरं किती." भूपेश त्यांच्या हातांवरची नजर न काढता सांगत होता. "म्हणते, तू जाडी झाली. इतवारीचा तो पोरगा कुठी हाय म्हणे. ही म्हणते, त्याचं मोबाइलचं दुकान हाय आता, वाढदिवसाचा फ्लेक्स मीच बनवते त्याचा."

प्रणाली रडता रडता हसली.

"तिले सांगा ना, इचार म्हणा त्याइले. ताट काहून काढून राहिले ते? जाच्या टायमाले असे काहून करून राहिले?"

भूपेशने बहिणीला सांगितलं. पुष्पलताने देवाजींना विचारलं. देवाजींनी खाटेखाली हात घालून ताट बाहेर काढलं, वर गिलास ठेवला, गंज ठेवला, आणि सगळं आपल्या मांडीवर घेतलं. मग एक हात मोकळा करून ते सावकाश बोलले, जसं लहान मुलाला समजावतात तसं.

भूपेशने उत्तर पाहिलं. तो खाली बघू लागला.

"सांगा ना," प्रणाली म्हणाली.

"वहिनी..."

"सांगा."

"म्हणते, ते जाऊन राहिले. मी इथं राहीन. एकट्या माणसाले एक ताट पुरते, एक गिलास पुरते. भात टाकता येते मले. सूनबाईले सांग, म्हणते, माही फिकर नोको करू. पोरानं लय केलं. त्याचा संसार हाय."

बाहेर टेम्पोवाला दोरी मागत होता. धर्मेंद्र दोरी शोधत आत आला आणि खोलीतली शांतता पाहून दारातच थांबला.

"काय झालं?"

प्रणालीने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मामाजीले काय सांगतलं होतं? कळमेश्वरचं?"

"काय म्हणजे? कानापाशी जाऊन सांगतलं. जोरानं सांगतलं. कंपनीजवळ घर भेटलं, येणंजाणं नाही होत आता माह्याच्यानं, कळमेश्वरले जाऊन राहिलो."

"जाऊन राहिलो."

"हाव."

"कोण जाऊन राहिलो? आपण म्हणले का आम्ही म्हणले?"

धर्मेंद्र आठवत होता, आणि त्याला जे आठवत होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नुसतं जाऊन राहिलो म्हणलं," तो म्हणाला. "त्याच्यात आपण आलंच ना."

धर्मेंद्रची नजर वडिलांच्या मांडीवरच्या ताटावर गेली, तिथून गिलासावर, आणि परत ताटावर.

"त्याइले वाटलं..." त्याचा आवाज फाटला. "आठ दिवसापासून खोके भरून राहिलो आम्ही त्याइच्यासमोर. आठ दिवस हे इथं बसून... आणि मान हलवून राहिले!"

पुष्पलताला त्याचे शब्द सगळे कळले नसतील. तिने देवाजींच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग तर्जनीने हवेत एक गोल काढला. त्यात तिने प्रणाली घेतली, दारातला धर्मेंद्र घेतला, आणि तिथून वळवून बोट देवाजींच्या छातीवर आणून टेकवलं.

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते मुलाकडे पाहत होते.

धर्मेंद्र पुढे आला. फरशीवर गुडघे टेकून वडिलांच्या समोर बसला, पुष्पलताच्या शेजारी. त्याने बोट वर केलं. कारखान्यात यंत्राची चाकं फिरवणारा त्याचा हात हवेत नीट गोल काढू शकेना. तो अंडाकृती झाला, वाकडा झाला. पण त्याने तो पुरा केला. बायको, तो स्वतः, बाप. ओठ हलले, आवाज फुटलाच नाही.

"आपण, बाबा. आपण."

देवाजी बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिले. आणि मग, कित्येक महिन्यांत त्या घराने न ऐकलेला त्यांचा आवाज आला. कोरडा, खरखरीत, आणि प्रमाणाबाहेर मोठा.

"मंग खाट काहून नाही चढवली माही?"

"तुम्ही बसून होते ना तिच्यावर!" धर्मेंद्र ओरडला, आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडू लागला.

देवाजींनी पुष्पलताकडे पाहून कानाजवळ बोट फिरवलं. तिने भूपेशकडून समजून घेतलं आणि त्यांना सांगितलं. ते हसले. दात फारसे नव्हते. मुलाच्या पाठीवर थोपटत ते उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि खाटेकडे बोट केलं. उचला.

त्यानंतर कामाला वेग आला. देवाजी दारात उभे राहून कोणतं खोकं आधी, कोणतं नंतर, हे हातांनी सांगत होते. टेम्पोवाल्याला त्यांच्या खुणा सगळ्यांत लवकर कळू लागल्या. तो म्हणाला, ट्रक मागे घेताना क्लीनर असंच करतो. प्रणालीने दोनदा येऊन पुष्पलताला विचारलं, पाणी कसं म्हणायचं, जेवण कसं म्हणायचं. तिसऱ्यांदा ती आली आणि 'दुखते काय' कसं विचारायचं ते शिकून गेली. ज्वाळावाल्या मशिनीपाशी धर्मेंद्र थांबला. तिला नेणार का, असं त्याने वडिलांना बोटानेच विचारलं. देवाजींनी मान हलवली, नाही. या वेळी त्या मान हलवण्याचा अर्थ काय, ते सगळ्यांना कळलं.

निघायच्या वेळी देवाजींना टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. प्रणाली त्यांच्या बाजूला बसली, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. धर्मेंद्र मोटारसायकल काढायला गेला, भूपेश त्याच्याबरोबर. परत आले तेव्हा पुष्पलता टेम्पोच्या खिडकीशी उभी होती. ती आणि देवाजी बोलत होते. हात खिडकीच्या कडेखाली होते, त्यामुळे भूपेशला काही दिसलं नाही. एवढंच दिसलं की पुष्पलता काही सांगत होती आणि देवाजींनी मधेच तिचे दोन्ही हात धरून तिला थांबवलं. मग ते स्वतः सांगू लागले. ती ऐकत राहिली, म्हणजे पाहत राहिली, अगदी न हलता.

"रविवारी येजो तुम्ही दोघं," धर्मेंद्र भूपेशला म्हणाला. "मले शिकाचं हाय. सारं. तिले सांग."

"तुम्हीच सांगा," भूपेश म्हणाला.

धर्मेंद्रने पुष्पलतासमोर येऊन हात जोडले. मग थोडा विचार करून कानाजवळ तर्जनी मागे फिरवली. पुष्पलता हसून हो म्हणाली.

टेम्पो गल्लीच्या वळणावर नाहीसा झाला. भूपेश स्कूटरवर मागे बसला. चालवायची पुष्पलताच, त्याला भीती वाटायची, तिला नाही.

जगनाडे चौकात सिग्नल लाल होता. पुष्पलताने दोन्ही पाय टेकले, हँडल सोडलं आणि अर्धी मागे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

'सांगितलंस का त्यांना?' भूपेशने विचारलं. 'जे सांगायचं होतं ते?'

'सांगितलं. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी खुणा काढल्यात. तुमच्यामुळे मला बोलता आलं.'

'मग?'

'माझे हात धरले. म्हणाले, तुझ्यासाठी नाही.' ती थांबली, परत सुरू झाली. 'म्हणाले, दुकान काढलं तेव्हाच त्यांचं ऐकू येणं गेलं होतं. मागांच्या आवाजानेच नेलं होतं. कोणाला सांगितलं नाही. दुकानात एवढा आवाज, कोणाला कळणार? पोरं तोंड हलवायची, ते मान हलवायचे. दिवसच्या दिवस. कोणाचं काही कळत नव्हतं. मग तू एका मुलीला घेऊन आलास...'

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. एक रिक्षावाला बाजूने जाताना काहीतरी ओरडून गेला. अशा वेळी भूपेश बहिणीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा, आणि ती गाडी काढायची.

आज त्याने हात आपल्याच मांडीवर ठेवला. तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.